वरातीच्या गाडीचं तेल

आमची गाडी आयुष्यभर माणसांच्या मागून चालली. बनवली होती ती धावण्यासाठी, पण कोल्हापुरात आल्यावर तिच्या नशिबी वराती आल्या. पुढे बँड, बँडच्या मागे नाचणारे, आणि नाचणाऱ्यांच्या मागे आम्ही. लांबलचक अमेरिकन गाडी, टप मागे दुमडणारा, रंग फिकट निळा, स्टेअरिंग डाव्या बाजूला. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती एका जहागीरदाराच्या वारसांकडून घेतली, तेव्हा तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. पुढे त्याच सीटवर शहरातले कितीतरी नवरा-नवरी बसले. कोंबड्यांचं आम्ही कुणाला सांगत नसू.

नव्वदच्या दशकात वरातीसाठी अशी गाडी मिळाली की वरबाप निम्मं लग्न पार पडल्यासारखा निवांत व्हायचा. आप्पा वरातीला पांढरा कोट घालत, फेटा बांधत, मिशीला पीळ देत. नवऱ्यापेक्षा ड्रायव्हरच जास्त उठून दिसतो, अशी एकदा एका नवऱ्याच्या आईने तक्रार केली होती. ती तक्रार आप्पांनी जन्मभर जपली. माणूस एरवी अबोल, पण घरी पाहुणे आले की चहाचा कप खाली ठेवायच्या आत ही गोष्ट निघायचीच. आम्हाला ती पाठ झाली होती आणि तरी आम्ही हसायचो.

या गाडीची खरी मिजास होती तिचं स्टेअरिंग. त्या काळात आपल्याकडच्या गाड्या जागेवर वळवायच्या म्हणजे दंडात ताकद लागायची. आमचं धूड एका बोटाने वळायचं. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा एक पंप होता, त्यावर तेलाची छोटी टाकी होती, आणि त्या लाल तेलाच्या दाबाने चाकं वळायची. माणसाने फक्त इशारा करायचा, ओझं तेलाने उचलायचं. मात्र हे तेल गार हवं. ते तापलं की पातळ होतं, त्याचा जोर जातो, पंप रडायला लागतो आणि स्टेअरिंग जड होतं. गाडी हमरस्त्याने पळत असली तर वाऱ्याने तेल आपोआप निवतं. पण वरात कधी पळत नाही. ती प्रत्येक चौकात थांबते, प्रत्येक तालमीपुढे नाचते, आणि मे महिन्याच्या संध्याकाळी, रस्ता अजून भाजत असताना, गाडी जागच्या जागी घरघरत उभी असते.

आप्पांना त्याची फिकीर नसे. तरुणपणी त्यांनी तालमीत माती अंगाला लावली होती. तेल तापून स्टेअरिंग जड झालं की ते बाह्या मागे सारून दोन्ही हातांनी ते ओढत, आणि मागे बसलेल्या नवरीला काही कळतसुद्धा नसे.

मग एका पावसाळ्यात आप्पांच्या डाव्या हातावरून वारं गेलं. बोलणं शाबूत राहिलं, पाय शाबूत राहिले, हात तेवढा गेला. खांद्यापासून खाली तो नुसता लोंबायचा. राजारामपुरीतले डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, नशीबवान आहात. आप्पांनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की पुढचं सगळं डॉक्टर माझ्याशी बोलले.

घरात आम्ही तिघंच, आप्पा, अव्वा आणि मी. अव्वा म्हणजे माझी आई. आम्हा दोघींना वाटलं, आता गाडी जाणार. आप्पांनी दिवाळी झाल्याबरोबर तुळशीच्या लग्नानंतरच्या वराती ठरवून टाकल्या.

"गिअर उजव्या हाताला हाय," ते म्हणाले. "ब्रेक पायाला हाय. स्टेरिंग बोटानं वळतंय. डावा हात लागतोय कुठं?"

"मी चालवतो की," मी म्हणाले. आम्ही कोल्हापूरच्या पोरी येतो-जातोच म्हणतो. गाडी मला येत होती, आप्पांनीच कळंब्याच्या रस्त्यावर शिकवली होती.

"वरातीत बाई गाडी चालवत न्हाय," आप्पा म्हणाले आणि विषय मिटला.

त्यांच्या हिशेबात तसं खोट काढायला जागा नव्हती. गाडी खरंच एका हाताने चालत होती. पण ती चालत होती तेल गार होतं तोवर. तेल तापून जोर गेला तर त्यांच्या उजव्या हाताला ते ओझं पेलणार नव्हतं, आणि गाडीच्या नाकापुढे हातभरावर पोरं, बायका, म्हातारे बेभान नाचत होते. एखादं वळण चुकलं, उतार लागला, तर? म्हणून मी वरातीत पुढच्या सीटवर, आप्पांशेजारी बसायला लागले. मी तेव्हा एका क्लासमध्ये गणित शिकवत होते आणि माझं स्वतःचं लग्न काही जमत नव्हतं. दुसऱ्यांच्या वरातीत मिरवायची हौस भागवते म्हणून गल्लीत हसायचे. आप्पा विचारणाऱ्याला सांगत, "हार-नारळ सांभाळाय घेतलंय तिला."

ज्याची भीती होती ते उन्हाळ्यात झालं. मंगळवार पेठेतल्या एका बोळात वळताना पंप रडायला लागला आणि स्टेअरिंग अडकल्यासारखं जड झालं. आप्पांच्या मानेच्या शिरा फुगल्या, फेट्याखालून घाम उतरला, पण चाकं वळेनात. त्यांनी ब्रेक दाबला, बोनेटवर बोट दाखवलं आणि खणखणीत आवाजात ओरडले, "गाडी गरम झाल्या, जरा दम खाऊ द्या!" वरातीला काय, थांबायला निमित्तच हवं होतं. बँडवाल्यांनी नवीन गाणं धरलं आणि लोक दुप्पट जोमाने नाचायला लागले. मी आप्पांकडे पाहिलं. त्यांनी तोंड मात्र हसतं ठेवलं होतं. तसं हसताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवलं नाही.

तेव्हापासून आमच्या घराला एकच ध्यास लागला, तेल गार ठेवायचं.

पहिला इलाज आप्पांचा. उसाच्या रसाच्या गाड्यावरून बर्फ आणायचा, ओल्या बारदानात गुंडाळायचा आणि ते बारदान टाकीभोवती आवळून बांधायचं. अर्धी वरात छान गेली. मग बर्फ वितळला, पाणी पंपाच्या पट्ट्यावर ठिबकलं, पट्टा घसरायला लागला आणि असा किंचाळला की पुढचे सनईवाले मागे वळून बघायला लागले. तेल गार आणि स्टेअरिंग जड, अशी उलटीच तऱ्हा झाली. अव्वा म्हणाली, "ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवत्यात तशा पट्ट्या गाडीला ठेवा आता." तिला गाडी पहिल्यापासून आवडत नसे. एरवी मी हसले असते.

दुसरा इलाज मामांचा. अव्वाचा हा भाऊ हुपरीला असतो, घरातच चांदीचे पैंजण करतो. त्याला मोटारीतलं काही कळत नाही, पण नळी वाकवणं आणि सांधा जोडणं यात तो वाकबगार. त्याने तांब्याची नळी घेतली, तिचे नागमोडी वळसे केले, आणि सांधे पैंजणाचे जोडतात तसे चांदीचा डाख देऊन जोडले. स्टेअरिंगकडून टाकीकडे परतणारं तेल या नळीतून फिरवायचं, आणि नळी बसवायची रेडिएटरच्या पुढे, म्हणजे पंख्याने ओढलेली हवा तिच्यावरून जाईल. नळी इतकी देखणी झाली होती की ती गाडीच्या पोटात दडवणं जिवावर आलं. मामा तिच्यावरून बोट फिरवत म्हणाला, "दाजी, आता तुमचं तेल हिवाळ्यात ऱ्हाईल बघा." मग अव्वा आणि तो बराच वेळ कानडीत हळू बोलत बसले. मला नीट कळू नये असं काही असलं की ती दोघं कानडीत जात. मला कळलं ते एवढंच की बोलणं नळीचं नव्हतं.

घरापुढे गाडी तासभर उभी ठेवून पाहिली, तेल कोमट. आप्पा खूश. आणि पहिल्याच वरातीत पंप पुन्हा रडला.

त्याचं कारण मला त्याच दिवशी सापडलं आणि मी कपाळाला हात लावला. सजावट करणाऱ्यांनी गाडीच्या तोंडावर झेंडूची दाट चादर बांधली होती, मध्ये गुलछडीचा बदाम, त्यात नवरा-नवरीची नावं. हवा आत जायची जाळी पूर्ण बंद. मामाची चांदीची कारागिरी फुलांच्या रजईखाली उकडत होती. म्हणजे लग्नाची गाडी म्हणून तिला सजवायचं आणि सजवली म्हणून ती गुदमरायची. त्यानंतर मी प्रत्येक वरातीआधी सजावटवाल्यांशी भांडायला लागले. वरमाया रुसत, "तोंडच मोकळं ठेवलंय, बोडकी दिसत्या गाडी." मी म्हणायचे, बोडकी दिसू दे. गणिताच्या बाई भांडखोर आहेत अशी माझी ख्याती झाली. माझं लग्न का जमत नाही याची कारणं देणाऱ्यांची त्याने सोयही झाली असेल, मी फार चौकशी केली नाही.

जाळी मोकळी झाली, नळी होती, पट्टा कोरडा होता. तरी तेल तापत होतं. पूर्वीपेक्षा उशिरा, पण तापत होतं. टाकीचं झाकण उघडलं की लाल तेल तपकिरी दिसायचं आणि करपलेला वास यायचा. आप्पा तेल बदलत, पंधरवड्यात ते पुन्हा तसंच. आप्पांची चिडचिड वाढली. ते तेलाला शिव्या देत, तेल विकणाऱ्याला देत, त्या गाडीच्या अमेरिकेला देत. हाताविषयी मात्र एक शब्द नाही.

मी कान देऊन बसायला लागले. बँडच्या गदारोळात पंपाचं रडणं ऐकणं सोपं नव्हतं, पण मला ते ऐकू यायचं, जसं बाळ रडलेलं घरातल्या बाईला ऐकू येतं. आणि माझ्या लक्षात आलं की पंप गाडी वळताना फारसा रडत नव्हता. तो रडायचा गाडी उभी असताना. मला ते उलटं वाटलं. उभ्या गाडीत स्टेअरिंगला काम काय?

मग एका वरातीत, दसरा चौकाच्या अलीकडे, नाचणाऱ्यांनी रस्ता अडवला आणि आम्ही थांबलो. आप्पांनी पाणी पिण्यासाठी उजवा हात स्टेअरिंगवरून काढला. डावा हात स्टेअरिंगच्या दांड्यात अडकवलेला होता. वरात निघताना ते उजव्या हाताने डावा उचलून तिथे ठेवत, बोटं दांड्यावर वाकवत, म्हणजे लांबून पाहणाऱ्याला दोन्ही हात स्टेअरिंगवर आहेत असं वाटावं. मी ते प्रत्येक वरातीत पाहत होते. त्या दिवशी मी पाहिलं की उजवा हात निघताच स्टेअरिंग आपोआप डावीकडे फिरायला लागलं. सावकाश, पार टोकाला जाऊन थांबलं. बाहेर पुढची चाकं रस्त्यावर पडलेला झेंडू चिरडत वळली. आणि पंप रडायला लागला.

कुणी वळवत नव्हतं. मेलेल्या हाताचं नुसतं वजन ते हलकं स्टेअरिंग ओढून नेत होतं. चाकं टोकाला भिडली तरी वजन लटकलेलंच, त्यामुळे पंप बिचारा अजून वळवायचंय समजून पूर्ण जोर लावत राही, आणि तेल जागच्या जागी उकळत राही. प्रत्येक चौकात, प्रत्येक तालमीपुढे, आप्पा मिशीला हात लावायचे तेव्हा, लोकांना नमस्कार म्हणून उजवा हात उचलायचे तेव्हा. बर्फ, तांबं, चांदी, फुलं, सगळं आम्ही पाहिलं होतं. तेल तापत होतं ते हात लपवल्यामुळे.

मला हे कळलं याचा आनंद व्हायला हवा होता. गणित सुटलं होतं. पण मी घरी येईपर्यंत गप्प बसले, कारण आता हे बोलायचं म्हणजे त्या हाताचं नाव घ्यायचं, आणि आमच्या घरात ते कुणी घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा गाडी पुसत होते. मी म्हणाले, "आप्पा, तेल तुमच्या हातानं तापतंय."

"कुठल्या हातानं?"

"डाव्या."

त्यांचं पुसणं थांबलं. मी काय पाहिलं ते सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग ठिवू कुठं त्यो? मांडीवर ठेवला तर घसरून खाली लोंबतोय. उघडी गाडी हाय. लोक गच्चीवरनं बघत्यात."

"बघू देत की."

"लग्नाची गाडी हाय," आप्पा एकदम चढ्या आवाजात म्हणाले. "नवऱ्या-नवरीच्या म्होरं लुळा माणूस बसलेला कुणाला चालतोय? अपशकुन म्हंत्यात. तोंडावर न्हाई म्हणायचे. पुढच्या वेळी बोलवायचेच न्हाईत." आणि फडकं बोनेटवर आपटून आत निघून गेले. मला रडू आलं. रागही आला, त्यांचा नव्हे, गच्चीवरच्या लोकांचा.

अव्वा दारात उभी राहून ऐकत होती. दुपारी तिने तो पांढरा कोट उसवायला घेतला. छातीखाली डावा हात आत सरकेल असा एक आडवा खिसा तिने शिवला, आतून मऊ फडक्याचा. हात आत ठेवला की वरून वाटायचं, जुन्या फोटोतले सरदार बसतात तसा हा माणूस रुबाबात बसलाय. आप्पांनी कोट घातला, आरशात पाहिलं, आणि म्हणाले, "बरा शिवलाय." गाडी तिला कधी आवडली नव्हती, तरी तो खिसा शिवताना तिने दोनदा टीप उसवून पुन्हा घातली होती.

तेल गार राहिलं. खरंच राहिलं. पंप वरातभर निमूट. टाकी उघडली तर तेल नव्यासारखं लाल. त्या हंगामात आप्पा पुन्हा बोटाने स्टेअरिंग वळवायला लागले, आणि पाहुण्यांना ती नवऱ्याच्या आईची गोष्ट पुन्हा सांगायला लागले. मला वाटलं, सुटलो.

त्याच सुमारास जेवताना त्यांच्या ताटातली डाव्या बाजूची भाजी तशीच राहायला लागली. अव्वा म्हणायची, "आवडली न्हाई वाटतं." दाढी करून आले तर डाव्या गालावर खुंट तसेच. मी म्हणायचे, आरशापुढचा दिवा बदलायला हवा. आम्ही दिवा बदलला.

ती वरात राजारामपुरीतली होती. नुकतं अंधारून आलं होतं. दोन्ही बाजूंनी बायका डोक्यावर दिव्यांची झुंबरं घेऊन चालत होत्या, त्यांच्या वायरी मागच्या जनरेटरला. रस्ता रुंद, सरळ, वळण नाही, उतार नाही. आप्पा ताठ बसले होते. गाडी हळूहळू डावीकडे सरकायला लागली. मला वाटलं, खड्डा चुकवतायत. मग मी "आप्पा, आप्पा!" म्हणून ओरडले, तोवर गाडीच्या डाव्या कडेने तिथे झुंबर घेऊन चालणाऱ्या बाईला ढकललं होतं. ज्या बाजूला ते स्वतः बसले होते त्याच बाजूला, त्यांच्या कोपरापासून दोन हातांवर. ती बसकण मारून पडली, झुंबर फुटलं, काचा उडाल्या. आप्पांनी ब्रेक दाबला तो माझ्या ओरडण्याने.

बाईला खरचटलं होतं, गुडघा सोलला होता, बाकी नशिबाने काही नाही. तिला दोघींनी धरून उठवलं, पाणी दिलं. पण बँड थांबला होता आणि माणसं धावत आली होती. "दिसत न्हाय व्हय रं? पिलायस काय?" कुणीतरी ओरडलं. आप्पा गोंधळून इकडे तिकडे बघत होते. मग त्यांचा चेहरा एकदम सावरला, त्यांना कारण सापडल्यासारखा.

"तेल तापलंय," ते लोकांना म्हणाले. "स्टेरिंग धरलंय. मी वळवत हुतो, वळंना."

ते उतरले, बोनेट उचललं. मी त्यांच्यामागे गेले. जमलेले लोक वाकून बघत होते. आप्पांनी उजव्या हाताचा तळवा टाकीवर ठेवला, आणि तो तिथेच राहिला. मीही बोटं लावली. टाकी जेमतेम कोमट होती. पंप शांत फिरत होता. मामाची नळी, मोकळी जाळी, अव्वाचा खिसा, सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं. मला ताटातली डावीकडची भाजी आठवली, डाव्या गालावरचे खुंट आठवले, आणि दिवा आम्ही उगाच बदलला हे कळलं.

"काय झालंय?" मागून नवऱ्याचा बाप विचारत होता.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "गार हाय गं," ते हळू म्हणाले.

इतके दिवस आम्ही ते तेल निवावं म्हणून धडपडलो, आणि त्या क्षणी ते उकळत असतं तर मी देवापुढे नारळ फोडला असता. आप्पांनी बोनेट खाली केलं, नीट बसलं का ते दाबून पाहिलं, आणि गाडीच्या पुढून वळसा घालून माझ्या सीटवर जाऊन बसले.